फार्मसी प्रवेश : डहाणू-तलासरीत गुणांआधी कागद का अडतात?

नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या या गावांची बाहेरच्यांना ओळख आहे ती चिकूमुळे आणि समुद्रामुळे. पण इथल्या बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींच्या घरात दर उन्हाळ्यात वेगळीच चर्चा असते. 'नीट'मध्ये डॉक्टरकीपुरते गुण पडतील अशी खात्री नसते. बी.एस्सी. करून पुढे काय, हेही कळत नाही. मग फार्मसीचं नाव निघतं. ते निघायला ठोस कारण आहे. दक्षिणेला बोईसर-तारापूरची एमआयडीसी, उत्तरेला हद्द ओलांडली की उंबरगाव, सरीगाम आणि वापी. या सगळ्या पट्ट्यात औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. नोकरी नको असेल तर गावात मेडिकल स्टोअर टाकता येतं. सरकारी दवाखान्यात 'औषध निर्माण अधिकारी' हे पदही याच शिक्षणावर मिळतं.

प्रवेशाचा विषय निघाला की सगळे विचारतात ते गुण. डहाणू आणि तलासरीसारख्या अनुसूचित क्षेत्रातल्या तालुक्यांत मात्र अडचण अनेकदा गुणांच्या आधी येते. ती येते दाखल्यांमध्ये आणि तारखांमध्ये. ज्या कागदाला अनेक महिने लागतात, त्याची आठवण बारावीच्या निकालानंतर झाली तर चांगले गुण असूनही राखीव जागा हातची जाऊ शकते.

दोन दारं आहेत, आणि दुसरं दार कमी लेखू नये

बारावीनंतर फार्मसीत शिरायचे मुख्य रस्ते दोन. डी.फार्म म्हणजे दोन वर्षांची पदविका आणि तिला जोडून ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. बी.फार्म म्हणजे चार वर्षांची पदवी. सहा वर्षांचा फार्म.डी. हा तिसरा अभ्यासक्रमही आहे, पण त्याच्या जागा थोड्या असतात.

डी.फार्मला सीईटी लागत नाही. बारावी विज्ञान उत्तीर्ण असावं लागतं. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवंच, त्यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित. गुणवत्ता यादी बारावीच्या गुणांवर लागते आणि प्रवेशाचं काम तंत्रशिक्षण संचालनालय पाहतं. परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं.

बी.फार्मसाठी मात्र एमएचटी-सीईटी द्यावी लागते. ही परीक्षा आणि तिच्यानंतरची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे ज्याला सगळे 'कॅप' म्हणतात ती, राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाकडे आहे. 'नीट'चे गुणही काही जागांसाठी धरले जातात. बारावीला संबंधित तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात.

इथे पहिली तारीख चुकते. सीईटीची नोंदणी बारावीची परीक्षा होण्याच्या आधीच, हिवाळ्यात सुरू होते. आश्रमशाळेत किंवा छोट्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितलंच नाही तर निकाल लागेपर्यंत ते दार बंद झालेलं असतं. बारावीला पंचाहत्तर टक्के मिळाले तरी सीईटी दिली नसेल तर बी.फार्मच्या यादीत त्या टक्क्यांचा उपयोग शून्य.

अशा वेळी डी.फार्म उपयोगी पडतं. ते केवळ 'बी.फार्म मिळालं नाही म्हणून' घ्यायचं शिक्षण नाही. डी.फार्म झालेल्याला बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि त्यासाठी सीईटीची गरज नसते, पदविकेचे गुण पाहिले जातात. चारऐवजी पाच वर्षं लागतात, पण मधल्या टप्प्यावरच हातात एक व्यवसाय येतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर ही पायरी फार महत्त्वाची ठरते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०२२ मध्ये केलेल्या नियमांनुसार पदविकाधारकाला फार्मासिस्ट म्हणून नोंदणी मिळवण्यासाठी 'एक्झिट' परीक्षेची अट घातलेली आहे. तेव्हा प्रवेश घेतानाच ही परीक्षा डोळ्यांसमोर ठेवावी.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत

सीईटीचा निकाल पाहून बऱ्याच घरांत आधी आनंद आणि मग गोंधळ होतो. परीक्षा २०० गुणांची. जीवशास्त्राच्या गटात भौतिकशास्त्र ५०, रसायनशास्त्र ५० आणि जीवशास्त्र १०० गुणांना असतं. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचं कारण नाही. प्रश्नांचा मोठा भार बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो, अकरावीचा वाटा साधारण वीस टक्के.

परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एकाला सोपी, दुसऱ्याला अवघड असं होऊ नये म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल देतात. ७० पर्सेंटाइल याचा अर्थ ७० टक्के गुण असा नाही. त्या सत्रात बसलेल्या शंभरातल्या सत्तर जणांचे गुण या विद्यार्थ्याइतके किंवा त्याच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या मुलाला बारावीला कमी टक्के असून सीईटीत पर्सेंटाइल जास्त, असं होऊ शकतं आणि कॅपमध्ये त्याचं नाव वर लागतं.

खरी शर्यत जात पडताळणीची

डहाणू आणि तलासरीत वारली समाज मोठा आहे. शिवाय कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी, कातकरी अशा जमाती आहेत. अनुसूचित जमातींसाठी राज्याच्या जागांमध्ये सात टक्के आरक्षण आहे. प्रांत कार्यालयातून मिळणारा जमातीचा दाखला बहुतेकांकडे असतो. आणि इथेच मोठा गैरसमज होतो. व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशाला नुसता दाखला पुरत नाही, त्याच्यावर पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं.

ही व्यवस्था उभी राहिली ती खोट्या दाखल्यांमुळे. बिगर-आदिवासींनी आदिवासींच्या जागा बळकावल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात दीर्घकाळ होत्या. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात पडताळणीची पद्धत घालून दिली. पुढे राज्याने स्वतंत्र कायदा केला आणि तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. या कायद्यानुसार आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. हेतू खऱ्या आदिवासींच्या संरक्षणाचा होता. पण ज्याच्या घरात कागदच नाहीत, त्या खऱ्या आदिवासीलाही त्याच चाळणीतून जावं लागतं.

पुरावा कुठला? अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदी सर्वांत मोलाच्या मानल्या जातात. भटक्या-विमुक्तांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या काळातली नोंद हवी. आता डहाणूच्या इतिहासाकडे पाहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते १९४५ साली. त्याच वर्षी तलासरीच्या बाजूला गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. मोडक-वाघ यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं ते १९५७ मध्ये. ज्या समाजाची माणसं १९४५ मध्ये वेठीतून सुटण्यासाठी लढत होती, त्यांच्या १९५० पूर्वीच्या शाळेच्या दाखल्यांची अपेक्षा करणं किती घरांत पुरी होणार?

म्हणून शाळेपलीकडे शोधावं लागतं. गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, हा चांगला पुरावा आहे. तिची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून अर्ज करून मिळते. जमिनीचे जुने फेरफार आणि कूळकायद्याची कागदपत्रं कामाला येतात. सगळ्यांत उपयोगी म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाला आधीच मिळालेलं वैधता प्रमाणपत्र. सख्खे काका, आत्या, चुलत भाऊ यांच्यापैकी कोणी शिक्षक किंवा पोलीस असेल तर त्यांच्याकडे ते असण्याची शक्यता मोठी. ते मिळालं की वंशावळ जोडून अर्ज बराच सोपा होतो. आईकडच्या नात्याचा इथे उपयोग होत नाही.

जुन्या नोंदी मिळाल्या तरी त्या वाचायला बसलं की अडचणी दिसतात. आडनाव नाही, नुसतं नाव, बापाचं नाव आणि पुढे जात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलं ते आडनाव पुढे चिकटलं, भावाच्या दाखल्यावर ते वेगळंच. कुठे नुसतं 'कोळी' लिहिलेलं असतं. मल्हार कोळी अनुसूचित जमातीत येतात, सगळे कोळी येत नाहीत, त्यामुळे एवढ्या एका शब्दाने प्रकरण लांबतं. अशा वेळी नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र आणि एकमेकांना जोडणारे आणखी कागद द्यावे लागतात.

कागदांनी समितीचं समाधान झालं नाही तर दक्षता पथक घरी चौकशीला येतं. रूढी, देव, लग्नाची पद्धत विचारतं. तिला आप्तभाव चाचणी म्हणतात. शहरात वाढलेल्या मुलाला आपल्या जमातीचे विधी सांगता आले नाहीत म्हणून दावे फेटाळले गेल्याची उदाहरणं न्यायालयांपुढे आली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ही चाचणी म्हणजे प्रत्येक प्रकरणातली अंतिम कसोटी नव्हे आणि प्रत्येक अर्ज दक्षता पथकाकडे पाठवण्याचीही गरज नाही. समितीला कागद पटले तर तिने तिथेच निर्णय द्यावा. १९५० पूर्वीचा भक्कम कागद ज्याच्या हाती आहे, त्याला या निकालाचा मोठा आधार आहे.

मग अर्ज कधी करायचा? अकरावीत. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत समितीकडे जातो. प्रत्येक अर्जाला किती महिने लागतील हे आधी सांगता येत नाही. अर्जाची पोचपावती दाखवून कॅपमध्ये राखीव प्रवर्गातून नाव नोंदवता येतं, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर विद्यार्थ्याला खुल्या प्रवर्गात धरलं जातं. काही वर्षी सरकारने ही मुदत वाढवली आहे. यंदाही वाढवतील, असं गृहीत धरून बसणं हा जुगार आहे. एकदा मिळालेलं वैधता प्रमाणपत्र मात्र जन्मभर चालतं आणि धाकट्या भावंडांचा रस्ताही मोकळा करतं.

ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग, भटक्या-विमुक्तांना पडताळणीशिवाय नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रही लागतं. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे प्रवेशाच्या वर्षात चालणारं प्रमाणपत्र हवं. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. तरीही सायबर कॅफेत सांगितलं म्हणून अनेक आदिवासी पालक त्यासाठी सेतूत हेलपाटे घालतात, ते टाळता येतील.

बारावी गुजरातमधून केली असेल तर?

तलासरी आणि डहाणूचा उत्तर भाग गुजरातला लागून आहे. काहींना उंबरगाव किंवा संजाण आपल्या तालुक्याच्या गावापेक्षा जवळ पडतं. घरी गुजराती बोलणाऱ्या कुटुंबांना तिकडची शाळाही जवळची वाटते. अशा मुलांचा प्रवेश बंद होत नाही, फक्त प्रकार बदलतो.

दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, शिवाय जन्म महाराष्ट्रातला किंवा अधिवास महाराष्ट्राचा, तर विद्यार्थी 'टाइप ए'. बारावी गुजरातमधून असेल तर तो 'टाइप बी'त जातो आणि स्वतःचं किंवा आईवडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र सक्तीचं होतं. ते तहसीलमधून मिळतं आणि त्यासाठी राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. घरपट्टी, रेशनकार्ड, शाळेचे दाखले जपून ठेवलेले असतील तर काम लवकर होतं. गंमत अशी की महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त भागातल्या विद्यार्थ्यांसाठी नियमांत 'टाइप ई' हा वेगळा प्रकार आहे, गुजरात सीमेसाठी तसं काहीच नाही. जमातीचा दाखलाही महाराष्ट्राच्याच अधिकाऱ्याचा लागतो. एकच जमात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी गुजरातमधला दाखला इथे चालत नाही.

विकल्प अर्ज: इथे लाजू नये

कागद तपासले गेले, गुणवत्ता यादी लागली, की विकल्प अर्ज भरायचा असतो. हवी ती महाविद्यालयं पसंतीच्या क्रमाने लिहायची. इथला नियम साधा आहे. जे खरंच हवं आहे ते वर, मग त्याखालचं, मग त्याखालचं. 'आपल्याला ते मिळणार नाही' म्हणून चांगलं महाविद्यालय गाळू नये. वरची पसंती मिळाली नाही म्हणून खालच्या पसंतीचा हक्क कमी होत नाही. उलट पहिल्या क्रमांकावर जे लिहिलं तेच मिळालं तर जागा आपोआप 'फ्रीज' होते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून भीतीपोटी सोपं महाविद्यालय पहिलं टाकणं महागात पडतं. अलीकडे पुढच्या फेऱ्यांत पहिल्या काही पसंतींनाही हा नियम लावला जाऊ लागला आहे, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायलाच हवी.

जवळचं म्हणाल तर पालघरला सेंट जॉन इन्स्टिट्यूट ऑफ फार्मसी अँड रिसर्च आहे. डहाणू रोडहून लोकल एप्रिल २०१३ पासून धावते, त्यामुळे पालघर-विरारपर्यंत रोज ये-जा करणारे विद्यार्थी आहेत. मुंबईत कलिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, सांताक्रूझला एसएनडीटी विद्यापीठाचं मुलींसाठीचं सी. यू. शाह महाविद्यालय अशी जुनी नावं आहेत. पण डहाणू ते चर्चगेट १२४ किलोमीटर. तिथे रोजची ये-जा धरून चालू नये, वसतिगृहाचा विचार करूनच ती नावं लिहावीत. सरकारी महाविद्यालयं रत्नागिरी, कराड, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. शुल्क कमी, पण गाव लांब.

आणखी एक बारकावा. अल्पसंख्याक दर्जाच्या महाविद्यालयांत नेहमीचं जातनिहाय आरक्षण लागू नसतं, तिथल्या जागांचा मोठा वाटा त्या धार्मिक किंवा भाषिक गटाला जातो. वारली विद्यार्थिनीने अशा महाविद्यालयाच्या मागच्या वर्षीच्या यादीत 'एसटी'चा आकडा शोधला तर तो सापडणार नाही. याचीच दुसरी बाजू अशी की डहाणूतल्या गुजराती मातृभाषेच्या विद्यार्थ्याला गुजराती भाषिक अल्पसंख्याक महाविद्यालयात वेगळी संधी मिळू शकते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषा काय लिहिली आहे, ते आधी पाहावं.

पैशांचं काय?

जागा मिळाल्यावर ती स्वीकारण्यासाठी एक हजार रुपये भरायचे असतात. खाजगी महाविद्यालयाचं पूर्ण शुल्क ऐकून अनेक पालक तिथेच माघार घेतात, तसं करायची घाई नको. अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आदिवासी कुटुंबातल्या विद्यार्थ्यांना केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शुल्कमाफीची वेगळी योजना आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. अर्ज 'महाडीबीटी'वर करायचा असतो आणि त्यासाठी बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं.

यातली कळीची अट म्हणजे प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला या सवलती लागू होत नाहीत. 'फेऱ्यांच्या भानगडीत पडू नका, थेट या, जागा देतो' असं सांगणारा दलाल हीच गोष्ट लपवतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे, तिच्यात राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात जमा होतात. चौकशी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते.

फार्मसीचे प्रवेश मागे का पडतात?

इंजिनिअरिंगचे वर्ग भरू लागतात तेव्हा फार्मसीच्या फेऱ्या अजून चालू असतात, किंवा सुरूच झालेल्या नसतात. याचं मुख्य कारण मान्यतेचं वेळापत्रक. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार अभ्यासक्रमाला फार्मसी कौन्सिलची मान्यता असल्याशिवाय तिथून शिकलेल्याची फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणाला औषधं देता येत नाहीत. कौन्सिलने २०२०-२१ पासून नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची बंदी आणली होती. ती नुसत्या ठरावाने आणता येत नाही म्हणून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर नव्या महाविद्यालयांची गर्दी झाली, आणि कोणाला किती जागांची मान्यता हे ठरायला उशीर होऊ लागला.

विद्यार्थ्यासाठी यातून दोन कामं निघतात. विकल्प अर्ज भरण्याआधी त्या महाविद्यालयाची त्या वर्षाची मान्यता कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहायची. फलकावर 'मान्यताप्राप्त' लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि वाट पाहताना वर्ष रिकामं जाऊ नये म्हणून बी.एस्सी.ला नाव घातलं असेल, तर शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्याच्या आणि गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवायच्या. फार्मसीची जागा लागल्यावर मूळ कागद घेऊन हजर व्हायला मोजकेच दिवस मिळतात. पहिल्या महाविद्यालयातला प्रवेश रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची, कारण शुल्क किती परत मिळणार हे अर्जाच्या तारखेवर ठरतं.